तेवीस गावांचं सुंबरान

“माझी गावं कुटं गेली?”

हेडफोन काढत बिरूआण्णांनी विचारलं. चार मिनिटांचं झकास गाणं ऐकवून मी शाबासकीची वाट बघत होते.

मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत माझा छोटा स्टुडिओ आहे. रेकॉर्डिंग करते, आणि तयार गाणं लोकांपर्यंत पोचवायचं कामही घेते. कुठल्या अ‍ॅपवर टाकायचं, व्हिडिओ करायचा की नुसता आवाज ठेवायचा, हे गाणारी मंडळी माझ्यावर सोडतात. त्याचा मला जरा ताठाही होता.

आण्णा माण तालुक्यातले. चाळीसएक वर्षं मेंढरं घेऊन कृष्णाकाठी यायचे. इकडचे शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, जमिनीला लेंडीखत मिळतं. मुक्काम पडला की आण्णा धनगरी ओवी म्हणायचे. यंदा त्यांच्या घशात गाठ निघाली. मंगळवारी मिरजेतच ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलाल, पण गाण्याचं काही सांगता येत नाही. म्हणून त्याआधी ओवी रेकॉर्ड करून “मोबाईलवर सोडायची” होती.

मी म्युझिक अ‍ॅप निवडली. तिथं गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत जातं; ती एक कंपनी असते. तिला फाइल दिली की ती सगळ्या अ‍ॅपवर गाणं पोचवते. अडचण एकच. ऐकणाऱ्याने पहिल्या अर्ध्या मिनिटात गाणं पुढं ढकललं तर ते ऐकलं असं धरत नाहीत. आणि आण्णांची ओवी बावीस मिनिटांची! सुरुवातीला सुंबरान, म्हणजे देवांचं स्मरण. मग वाटेतल्या तेवीस गावांची आणि तिथल्या माणसांची नावं, आणि शेवटी देवाची कथा. मी ते सगळं कापलं आणि थेट कथेला हात घातला.

“आण्णा, एवढं लांबलचक लोक ऐकत नाहीत,” मी म्हणाले.

“कोण लोक?”

“लोक म्हणजे... सगळेच.”

“मला सगळ्यास्नी न्हाई सांगायचं, ताई. तेवीस गावांस्नी सांगायचं हाय. त्यांच्या रानात बसलो, त्यांचं पाणी प्यालो. यंदा मी जाणार न्हाई, तर माझा आवाज तरी जाऊ दे.”

त्यांच्या बायको हौसाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “माझी थोरली अंकलखोपात झाली. रानातच कळा सुरू झाल्या. शांताबाईनं घरात न्हेऊन बाळंतपण केलं, शेकशेगडी केली. तिचं नाव कापलंसा तुमी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुदैवाने मूळ फाइल मी कधी पुसत नाही. नावं परत जागेवर बसवली. पण शांताबाई कुठल्या म्युझिक अ‍ॅपवर आण्णांना शोधत बसणार? त्यांच्या घरात टीव्हीवर, मोबाइलवर व्हिडिओ बघतात. म्हणून व्हिडिओ करायचं ठरलं. आण्णांचा घसा आणखी ताणायचा नव्हता, तेव्हा मेंढरांबरोबरचा एक जुना फोटो घेतला. आवाज पूर्ण बावीस मिनिटं ठेवला. ज्या गावाचं नाव येईल ते पडद्यावर मोठ्या अक्षरात. खाली टाइमस्टॅम्प दिले, म्हणजे गावापुढं मिनिट लिहिलं. त्यावर बोट ठेवलं की ओवी तिथूनच सुरू.

“आता हे पोचवायचं कसं?” मी विचारलं.

हौसाबाईंनी पिशवीतून फोन काढला. प्रत्येक गावातल्या एका तरी बाईचा नंबर त्यात होता. सोमवारी दुपारपर्यंत तेवीसच्या तेवीस गावांना लिंक गेली. इतका चोख डिस्ट्रिब्युटर मी अजून पाहिलेला नाही.

गुरुवारी मी दवाखान्यात गेले. ऑपरेशन नीट झालं होतं, पण आण्णांना बोलायला बंदी होती. कॉटशेजारी एक म्हातारी डबा उघडून बसली होती. आत पातळ पेज. अंकलखोपच्या शांताबाई! एसटीने आल्या होत्या. आण्णांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरले, ओठ हलले.

“आवं, नका बोलू,” शांताबाई म्हणाल्या. “तेराव्या मिनिटाला बोललासा न्हवं? लय झालं.”

मी डोळे पुसायला बाहेर व्हरांड्यात गेले.

चार मिनिटांचं गाणंही मी हट्टाने अ‍ॅपवर टाकलं होतं. ते अजून ढिम्म पडून आहे. ऐकलं असेल ते बहुतेक मीच. आता कुणी “कुठल्या प्लॅटफॉर्मवर टाकू?” असं विचारत आलं, की मी कॉम्प्युटर लावत नाही. आधी वही पुढं करते आणि सांगते, कुणाला ऐकवायचंय त्यांची नावं लिहा.