द्राक्षाच्या पानांतली आमसुलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सदाच्या आईने त्याच्यासाठी माझ्याकडे दिलेलं आमसुलांचं पुडकं मी मुंबईच्या विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात टाकलं... आणि कुवेतला पोचल्यावर त्याला सांगितलं, तिने काही दिलं नाही. गेल्या महिन्यात तिथल्या हवल्ली भागातल्या तुर्की हॉटेलातून फोन आला, सदा भट्टीपाशीच कोसळला, गेला. तेव्हा मला आधी ते पुडकं आठवलं, मग सदा.

आम्ही एकाच गावचे, मालवणकडचे. आखाती युद्धानंतर कुवेतला आलो. मी दवाखान्याच्या लॅबमध्ये, तो त्या हॉटेलात भांडी घासायला. राहायला एकाच खोलीत. एकदा द्राक्षाच्या पानांत भात भरून गुंडाळणारा माणूस आजारी पडला आणि सदा त्याच्या जागी बसला. आईशेजारी बसून अळूच्या पानांच्या शिरा काढलेला हात तो! गुंडाळ्या झाल्या घट्ट, पण पातेल्यात थरांमधून त्याने आमसुलंही पेरली. मुख्य आचाऱ्याला सगळे उस्ता म्हणत. त्याने एक काळं साल चिमटीत धरून विचारलं, "शिनो हादा? क्या है ये?"

"पत्ता है ना उस्ता, गला खुजलाएगा."

द्राक्षाचं पान कुठलं खाजायला! पण पान म्हटलं की आंबट हवंच, हे आईने लहानपणी डोक्यात बसवलेलं. उस्ता पोट धरून हसला, मग चाखून बघितलं, आणि हसायचा थांबला. तेव्हापासून ते पातेलं सदाचं. रव्याचा तुर्की हलवासुद्धा तो आईच्या शिऱ्यासारखा, वास सुटेपर्यंत भाजायचा.

मग त्याचे वडील गेले. पासपोर्ट मालकाकडे, सुट्टी मिळाली नाही. आईने बोलणंच टाकलं. शेजारी फोन केला तरी ती यायची नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी गावी गेलो, तर निघताना तीच आली, फडक्यात शिवलेलं पुडकं घेऊन. "सदाक दी. सोलां मियाच सुकयलंय. राग नाय म्हणान सांग."

विमानतळावर रांगेत कुणीतरी सांगत होतं, सामानात खसखस सापडली म्हणून एकाला कुवेतला तुरुंगात टाकलं, तिकडे ती अमली पदार्थात धरतात. गावाकडच्या पुडक्यात काय काय असतं... मी शिवण उसवूनही बघितली नाही.

"आवशीन काय धाडल्यान रे?" सदाने दारातच विचारलं.

"काय नाय."

"राग हा अजून?"

निरोप सांगितला असता तर पुडक्याचं निघालं असतं. मी बूट काढत राहिलो.

"असांदे," म्हणाला, आणि माझ्यासाठी चहा टाकला.

त्याच पावसाळ्यात त्याची आई गेली. उस्ताने त्यांच्या रीतीप्रमाणे मृताच्या नावाने रव्याचा हलवा केला, सदाने सगळ्यांना वाढला, स्वतः खाल्ला नाही. त्यानंतर पानांत तो लिंबू पिळू लागला. मी गावाहून आमसुलं आणली, तर म्हणाला, "तुका ठेव." सांगायला कितीतरी वर्षं होती. रोज एका ताटात जेवत होतो.

आमसुलांची त्याची बरणी अजून आमच्या खोलीतल्या ओट्यावर आहे. रिकामी, झाकण उघडलं की आंबट वास येतो. आईचा राग गेला होता, एवढं एक वाक्य मी सदाचं देणं लागतो.