हाजेरा आपाची मूठ

हाजेरा आपा आली की आधी तिची काळी छत्री दिसायची, मग आवाज यायचा, आणि सगळ्यात शेवटी ती. बांगलादेशातल्या जशोरकडच्या आमच्या गावांत दारोदार फिरून ती आयांना एकच धडा द्यायची: अर्धा शेर पाण्यात तीन बोटांची चिमूट मीठ आणि एक मूठ गूळ. जुलाब लागलेल्या पोराला घोट घोट पाजत राहा. बाई विधवा, एकटी, पण बोलण्यात कुणाला हार जायची नाही.

त्या थंडीत माझ्या दहा महिन्यांच्या तुलूला जुलाब लागले. सकाळपर्यंत डोळे खोल गेले, लघवी बंद झाली. सासू पाणी देऊ देईना. शेवटी मी पळत जाऊन आपाला शेजारच्या वस्तीतून ओढत आणलं.

"गळक्या मडक्यात पाणी ओतून काय भरणार, मास्तरीणबाई?" सासूनं सुनावलं.

"मडकं बदलता येतं, चाची. नातू बदलाल?"

आपानं गूळ मागितला आणि तिथंच घोडं अडलं. घट्ट गुळाच्या ढेपा आदल्या दिवशीच बाजारात गेल्या होत्या. घरात होता खजुराच्या रसाचा पातळ गूळ, काकवीसारखा. आपानं मूठ भरली, तो बोटांतून गळून गेला. पाठ केलेला धडा तेवढाच होता. तिला काही सुचेना, आणि मला रडूच फुटलं.

"सरक बाजूला," सासू म्हणाली. "तीस वर्षं रस आटवतेय मी. मूठभर घट्ट गुळाला पातळ किती लागतो, ते मला विचार."

तिनं करवंटीच्या डावानं दीड डाव मोजून ओतला. आपानं मीठ टाकलं, चाखलं. "आसवांहून खारट नाही. पाजा."

चमच्या-चमच्यानं आम्ही पाजत राहिलो. एकदा त्यानं सगळं ओकून टाकलं, तरी आपा थांबू देईना. तिसऱ्या प्रहरी तुलूनं सासूच्या मांडीवर धार सोडली.

"भिजवलंस रे मेल्या!" सासू अख्ख्या पाड्याला ऐकू जाईल अशी ओरडली, आणि लुगडं न बदलता तशीच बसून राहिली.

आपा अंगणात गेली होती. मी मागोमाग गेले, तर ती पदरानं डोळे पुसत होती.

"चारशे घरांत शिकवलं गं," ती म्हणाली. "खरं सांगू? आजपर्यंत माझाच विश्वास नव्हता."