गोळी न देणारी आत्या

गिऱ्हाईक पायरी चढलं की ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात असा दुकानदार सबंध रत्नागिरीत एकच, आणि तो म्हणजे माझी सख्खी आत्या. मिरकरवाड्याच्या रस्त्याला तिचं औषधांचं दुकान आहे. फार्मसी शिकून ती तिथे बसली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. आज माझे केस पिकले, पण आत्या त्याच स्टुलावर बसून लोकांना औषधं न देण्याचा धंदा नेटाने करते आहे. बाम मागा, बँडेज मागा, तापाची साधी गोळी मागा, ती हसून देईल. पण कुणी "अँटिबायोटिक द्या" म्हणालं आणि हातात डॉक्टरची चिठ्ठी नसली, की आत्या चष्मा काढते. मांडवीला फिरायला आलेला एक धट्टाकट्टा मुंबईकर त्या नजरेपुढून पाण्याची बाटलीसुद्धा न घेता पळालेला मी पाहिला आहे. मीही सुटलो नाही. एकदा सर्दीने बेजार होऊन अझिथ्रोमायसिन मागायला गेलो, तर म्हणाली, "सर्दी विषाणूची, गोळी जंतूंवरची. चोर मांडवीत आणि पोलीस भाट्याला! घरी जा आणि वाफ घे." एवढं बोलून तिने माझ्या अंगावरचा पंखाही बंद केला.

बरं, चिठ्ठी आणली म्हणून सुटका होते असंही नाही. तिथून उलटतपासणी सुरू होते. पेनिसिलिनच्या घराण्यातली गोळी असली की, "पूर्वी कधी ही घेऊन अंगावर गांधी उठल्या होत्या? धाप लागली होती?" याचं नीट उत्तर मिळेपर्यंत पाकीट तिच्या हाताखालून सरकत नाही. मेट्रोनिडाझोल न्यायला आलेल्या बाप्याला ती भर गर्दीत सुनावते, "ही चालू असताना आणि संपल्यावरही काही दिवस बाटलीला शिवायचं नाही. शिवलास तर अशी ओकारी सुटेल की आतडी हातात येतील." सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर घ्यायची नाही, आणि टाचेमागची शीर दुखू लागली तर आणखी गोळी न घेता तडक डॉक्टर गाठायचा. हे ऐकून आमच्या शेजारचे निवृत्त मास्तर घाबरले आणि दूध सोडाच, चार दिवस चालणंही सोडून पलंगावर बसून राहिले. पोराचं पातळ औषध न्यायला आलेल्या आईकडून ती बाटली आपल्यासमोर हलवून घेते. "जोरात हलव गो! नवऱ्याशी भांडताना हात कसा चालतो?"

आमच्याकडे औषधही वाटून खायची पद्धत आहे. ताटातला बांगडा जसा शेजारी जातो, तशी एकीला बरं वाटलं की उरलेली गोळी दुसरीच्या घरी जाते, आणि घेणारीही प्रेमाने घेते. हे कानावर आलं की आत्या दुकान उघडं टाकून त्या घरी पोचते. "अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, शहाणे होतात," हे तिचं वाक्य या रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही पाठ असेल.

पण याच हट्टापायी तिचं शेवंताशी बिनसलं. शेवंता तिची शाळेपासूनची मैत्रीण, बंदरावर मासे विकणारी. तिचा मुलगा तांडेल, म्हणजे बोटीचा कारभार त्याच्या हातात. बोट समुद्रात जायची तर बर्फ, डिझेल, तांदूळ यांच्याबरोबर औषधांची पिशवीही भरतात, आणि मग वाटेत ज्याला शिंक येईल त्याला त्यातली गोळी. शेवंता ती पिशवी भरायला आली. आत्याने मलम दिलं, बँडेज दिलं, उलट्या-जुलाबांवरची पुडी दिली आणि हात आखडला.

"आणि अँटिबायोटिकच्या त्या लाल गोळ्या?"

"नाही."

"बाय, समुद्रात डाक्टर कुठनं आणू गो?" शेवंता भडकली. "पोराला काय झालं तर?"

"निघायच्या आधी डॉक्टरला दाखवून लिहून आण, देते. नाहीतर ताप आला की बोट बंदराला लावायची. तुझा पोर माझ्या मांडीवर मुतलाय, म्हणूनच नाही देत."

शेवंता पिशवी उचलून तरातरा कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात गेली, आणि तिच्यामागून अर्धं बंदर गेलं. तिथे जे मागाल ते मिळतं, वर थंड हवाही. आत्याचं दुकान ओस पडलं. माझ्या वडिलांनी बहिणीला समजावलं, "धंदा करायचा तर थोडं वाकावं लागतं." आत्या म्हणाली, "दुकान बंद करीन, पण वाकणार नाही." मी मनातून खूश झालो, पण तिच्या ताटात मासळी दिसेनाशी झाली. शेवंताशिवाय दुसरीकडून मासे घ्यायचे नाहीत, हाही तिचाच हट्ट.

पावसाळ्यानंतर शेवंताच्या बोटात शिंगाळा माशाचा काटा गेला आणि हात सुजला. नव्या दुकानातल्या गोळ्या तिने सूज उतरेपर्यंत घेतल्या, मग सोडल्या. हात पुन्हा सुजला, पहिल्यापेक्षा वाईट. शेवटी डॉक्टरला दाखवून, चिठ्ठी घेऊन, ती ते थंड हवेचं दुकान मागे टाकून आमच्या पायरीशी आली. मी तिथेच होतो. आत्याने चिठ्ठी वाचली, दुसरी कुठली औषधं चालू आहेत ते विचारलं आणि सुरू झाली. "डॉक्सी आहे ही. बसून घ्यायची, पेलाभर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही. रक्तवाढीची गोळी हिच्याबरोबर नको. उन्हात अंग भाजतं, पदर घे, हात झाक. आणि सूज उतरली म्हणून मधेच सोडलीस तर याद राख!"

शेवंताने पाकीट कनवटीला खोचलं. मग म्हणाली, "तिथं गोळ्या देतात गो. पण कोण ओरडत नाय."

आत्या औषधांच्या कपाटामागे गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. पैसे शेवटी मीच घेतले.

आता दोघी बोलतात. गिऱ्हाईक मात्र फारसं परतलेलं नाही, आणि शेवंताचा मुलगा अजूनही ती पिशवी कोपऱ्यावरूनच भरतो. त्याची बोट बाहेर असली की आत्या संध्याकाळी स्टूल दारात ओढून बंदराच्या बाजूला बघत बसते. विचारलं तर म्हणते, "आत उकडतंय." थंडीतसुद्धा हेच म्हणते. मी शेजारी बसतो, आणि बोट धक्क्याला लागल्याचं कुणी सांगेपर्यंत आम्ही दोघं दुकान बंद करत नाही.