निळ्या तोंडावरचा लाल ठिपका

पिंगळीत मास्तरांच्या घरी मी भांडी घासायला जाते. त्यांची लेक चित्रकार आहे. या उन्हाळ्यात माहेरी आली आणि ओसरीवर गावातल्या बायांची चित्रं काढू लागली. दाराएवढी मोठी चित्रं. कुणाचं तोंड जांभळं, कुणाचे हात शेंदरी, आणि सगळ्या समोर रोखून बघणाऱ्या. एक दिवस मला म्हणाली, "काकू, तुम्हीपण बसा." मी डोक्यावर पदर घेऊन, खाली बघत बसले.

चित्रात मात्र माझी मान वर होती. तोंड निळं, पदर पिवळाधमक, आणि कपाळाच्या मधोमध रुपयाएवढा लाल ठिपका.

मालक गेल्यापासून मी कपाळाला कुंकू लावलेलं नाही. राहते दिराच्या घरात. ओसरी रस्त्याला लागून, त्यामुळे चित्र येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होतं. थोड्या वेळात दीरच आले.

"वैनी, हे काय? माझा भाऊ गेला, आन् तुमी कुंकू लावून बसायलात?"

मी पदर पुढं ओढला. चित्रातली मी त्यांच्याकडे बघतच होती.

"परभणीला परदर्शनात टांगणार म्हणं हे! लोक तोंडात शेण घालतील. ताई, पुसा ते. न्हाईतर वैनी, आमच्या घराची पायरी चढू नका."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. दिरासमोर मी कधी बोलत नाही. जेवायचं वाढतानाही जावेला खुणेनं विचारते. पण तोंडातून निघालं, "कुंकू न्हाई ते. गोंदण हाय. लहानपणी आईनं गोंदवलेलं. कुंकवाखाली झाकलेलं होतं, आता रोज दिसतंय तुमाला."

"गोंदण हिरवं असतंय!"

"तोंड तरी कुठं निळं असतंय माझं?"

ओसरीवर बसलेली शेजारीण फिस्सकन हसली. दिरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घरी या. मग बघू," म्हणाले आणि चपला घालून निघाले.

लेक हळूच म्हणाली, "काकू, हिरवं निळ्यात बुडत होतं, म्हणून लाल केलं मी. तुम्हाला त्रास होणार असेल तर हिरवं करते." तिनं ब्रश हिरव्या रंगात बुडवलाही.

मी तो तिच्या हातातून घेतला, पाण्याच्या डब्यात उभा केला आणि मोरीवर भांडी घासायला गेले.