साडूने दाखवलेली नदीकाठची जमीन

माझ्या साडूने मला फसवलं. टेक्सासातली स्वतःची बुडीत जमीन त्याने माझ्या गळ्यात मारली, तीही सहलीला नेऊन.

ऐंशीच्या दशकातला एप्रिल महिना. शुगर लँडहून आम्ही त्याच्या गाडीतून निघालो. पुढे आम्ही दोघे साडू, मागे दोघी बहिणी, मांडीवर दशम्यांचा डबा. शहर सुटलं तशी निळी रानफुलं, तारेची कुंपणं, गुडघाभर गवतात उभ्या गाई दिसू लागल्या. मग रस्ता नदीच्या सखल पट्ट्यात उतरला. अक्रोडासारखी फळं देणारी पेकानची प्रचंड झाडं, खाली काळी माती. इतकी देखणी जागा मी तोवर पाहिली नव्हती, म्हणूनच तोंड वाकडं ठेवलं. घेणाऱ्याने कौतुक करायचं नसतं.

प्रत्येक बुंध्यावर छातीपर्यंत फिकट पट्टा होता, सगळीकडे एकाच पातळीत. आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडांना लावतात तसा.

"झाडांना चुना लावून घेतलाय वाटतं," मी म्हणालो.

"मग? निगा आहे, भाऊजी," साडू म्हणाला.

मागे मेहुणी फस्सकन हसली.

"काय गं?" बायकोने विचारलं.

"काही नाही, ताई. भाऊजींची नजर म्हणजे नजर."

"मी इथे एक गाय पाळीन हं," बायको म्हणाली.

"पाळ की," मेहुणी म्हणाली.

मी किंमत पाडत गेलो, साडू मुकाट उतरत गेला. परतताना मला वाटलं, काय कापलाय याला.

जूनमध्ये नदी चढली. बायकोची गाय आणि वासरू कुंपणाच्या तारांत अडकून बुडाली. मीच त्यांना सोडवून बाहेर काढलं. बुंध्यांवर नवा गाळ बसला होता, त्याच उंचीवर. शेजारचा रँचवाला म्हणाला, आधीच्या मालकाचीही गुरं अशीच गेली. त्याची बायको इथेच बसून रडत होती.

मी साडूला फोन केला.

"एवढे सौदेबाज तुम्ही, भाऊजी," तो म्हणाला. "झाडाला हात लावून बघायचा."

मी फोन भिंतीवर आपटला. बहिणीशी बोलायचं नाही, असं बायकोला बजावलं. ती रडली. मी तिला रडू दिलं.

साडूला मी काही विचारत नाही. त्याला विकायची होती. त्याच्या जागी मीही गप्प बसलो असतो. पण मेहुणीची गुरं त्याच पाण्यात मेली होती, आणि सख्खी बहीण तिथे गाय पाळायचं म्हणत होती. तिने ताईसमोर येऊन बसावं आणि सांगावं, "पाळ की" कोणत्या तोंडाने म्हणाली ते.