द्रुसिलाच्या नसा

आमच्या खाडीत बाईच्या नसा झिजल्या की तिचा मान वाढतो. नवरा पहाटे होडी घेऊन जातो, धुकं उतरतं, वारा फिरतो, आणि बाई चुलीवर किटली ठेवून जीव टांगणीला लावून बसते. वीस-तीस वर्षं असं बसल्यावर नसांचं काय उरणार? ज्या बाईच्या नसा धड, तिला नवऱ्याची काळजीच नाही, असं आम्ही न्यूफाउंडलंडची माणसं धरून चालतो. माझ्या तर कधीच्या गेल्या, असं मीही सांगते. खरं म्हणजे मी पडल्या पडल्या घोरायला लागते.

द्रुसिला माझ्या शेजारची, गार्लंडची बायको. तिच्या नसांचा कुणाला पत्ताच नव्हता, कारण तिला मासे वाळवायच्या मचाणावरून खाली उतरायला फुरसत नसायची. पुरुषांनी मासा आणायचा, चिरायचा, मिठात घालायचा. पुढे तो मचाणावर आला की बाईचा. सकाळी पसरायचा, ऊन तापायच्या आत पाठ वर करून पालथा घालायचा, दव पडायच्या आत रचून झाकायचा. द्रुसिलाच्या मचाणावर गार्लंडसुद्धा तिला विचारून पाय ठेवायचा. व्यापाऱ्याच्या धक्क्यावर एकेक मासा हातात घेऊन चांगला-वाईट ठरवणारा पारखी असतो, भलता खवचट माणूस. तिचा माल आला की तो निवांत पाइप पेटवायचा. त्यात खोट काढण्यासारखं काही नसायचंच.

पन्नाशीला टेकली तशी तिची पाळी गेली. भर जानेवारीत चर्चमध्ये तिने कोट काढला, मग स्वेटर काढला, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आता पाद्रीबाबांनी डोळे मिटून घ्यावेत. आम्ही सगळ्या हसलो, तीही हसली. गार्लंड चावतो त्याचा आवाज होतो म्हणून ती त्याच्यावर ताटली घेऊन धावली, त्यालाही हसलो. बटाटे सोलता सोलता रडायची. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. प्रत्येकीच्या घरी ते येऊन गेलेलं. पण वसंतात ती गप्प झाली. चिडेना, रडेना. पाव भाजायला टाकायची आणि जळाल्याचा वास साऱ्या आळीला आला तरी तिला येत नसे.

जुलैत एक दिवस वारा पडला आणि ऊन तापलं. आम्ही आमचा मासा घाईघाईने पालथा घातला. द्रुसिलाचा तसाच उताणा. ती मचाणाच्या कडेला धोंड्यावर बसलेली. मी हाका मारल्या. तिने मान वळवून माशांकडे पाहिलं, जसे दुसऱ्या कुणाचे असावेत. आम्ही धावत जाईपर्यंत मांस शिजून गेलं होतं, बोट लावलं की भुगा होत होता. इतक्या वर्षांत असलं काही तिच्या हातून झालं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात निवाडा बसला. गार्लंडची बहीण बर्था पुढे. तिला वाद जिंकायची सवय, कारण घरी तिच्याशी वाद घालायला कुणी शिल्लक नव्हतं. आदल्या पानगळीत भूशिराच्या पलीकडे आमच्या खाडीतले दोन भाऊ बुडाले होते. बर्थाने सगळं नीट जुळवलं. तेव्हापासूनच हिच्या नसा झिजल्या, तू समुद्रात जातोस आणि ही इथे मरते, असं तिने गार्लंडला सुनावलं. तो बिचारा टोपी हातात घेऊन ऐकत राहिला.

द्रुसिला चुलीजवळच्या बाकावर बसली होती. ती म्हणाली, "मला समुद्राची काळजी नाही, बर्था. कशाचीच वाटत नाही. हेच तर झालंय मला."

"काळजीने माणूस असंच बरळतं," बर्था म्हणाली.

मग माझ्याकडे वळून द्रुसिला म्हणाली, "मावशी, माझं मचाण राहू दे, एवढं यांना सांग. सकाळी उठायला तेवढं एकच कारण आहे."

मी सांगितलं. गार्लंडला बाहेर नेऊन सांगितलं की माझी पाळी गेली तेव्हा तीन हिवाळे मला पावाची चव कळली नाही, आणि त्यातलं पहिलं वर्ष माझा नवरा पाय मोडून घरातच पडला होता. त्याच्या काळजीचं कारणच नव्हतं. हे त्या वयाचं असतं बाबा, येतं तसं जातं. तिच्या हातचं काम काढू नकोस. तो मान हलवत म्हणाला, "तुझी गोष्ट वेगळी, ट्रिफी मावशी. तुझ्या नसा पहिल्यापासून जाड."

त्याने होडी खाडीपलीकडच्या माणसाला विकली. बायकोवर जीव होता म्हणूनच विकली. साऱ्या खाडीने त्याची पाठ थोपटली. होडी नाही तर मासा नाही. मासा नाही तर मचाण कशाला? पानगळीत तो मचाणाचे वासे एकेक करून तोडून चुलीत घालू लागला, तिला ऊब मिळावी म्हणून. ती घामाने निथळून दार उघडायची. गार्लंड उठून दार लावायचा, चुलीत आणखी एक वासा सारायचा. हे मी माझ्या खिडकीतून हिवाळाभर पाहिलं. तो खिडकीतून समुद्र बघत बसायचा. ती भिंत बघायची.

दुसऱ्या उन्हाळ्यातही तेच. तिसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी ती माझ्या मचाणापाशी येऊन उभी राहिली आणि हात लावू का म्हणाली. जिच्या मालात पारख्याला खोट सापडत नव्हती, ती माझा मासा पालथा घालायला परवानगी मागत होती. मी सरकून जागा दिली. जेवणाच्या वेळी तिने पावावर रानबेरीचा मुरंबा लावला, खाल्ला, आणि आणखी मागितला. तेव्हाच मला कळलं की आलं होतं ते गेलं.

खाडीलाही कळलं. होडी विकली म्हणून बरी झाली, हे त्यांना कळलं. बर्था अजून अभिमानाने सांगते. गार्लंड दुसऱ्याच्या होडीवर पगारी हात म्हणून जातो, आणि त्याच्याकडे बघून कुणी म्हणत नाही की याच्याही काही नसा असतील.

गेल्या हिवाळ्यात आमच्याच खाडीतल्या हेडलीची बायको चर्चमध्ये कोट काढून बसली. वसंतात तीही गप्प झाली. परवा हेडली द्रुसिलाला गाठायला मुद्दाम माझ्या मचाणावर आला. होडीला गिऱ्हाईक आलंय, विकावी ना, तुला गुण आला म्हणून विचारतो, म्हणाला.

द्रुसिलाने हातातला मासा पालथा घातला.

"तिला विचारलंस का?"

हेडली हसला. "तिला काय विचारायचं? तिच्या तर नसा गेल्यात."