क्रेनवरच्या माणसाचं लिव्हर

त्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. उजाडायच्या आत तो क्रेनच्या शिडीवर असे. मी खालून इशारे देणारा. बोट वर करून फिरवलं की उचल, हात आडवा केला की थांब. वर्षानुवर्षं आमचं बोलणं हातांनीच झालं. त्याला सगळे 'वरचा' म्हणत.

ती शिडी ज्याने चढली नाही त्याने बोलू नये. गुडघे पार बोलतात. म्हणून एकदा चढला की तो सुट्टीपर्यंत उतरत नसे. लघवीसाठी उतरावं लागेल म्हणून पाणी टाळायचा. घसा सुकला की गोड थंड पेयाच्या बाटलीतले दोन घोट, भूक लागली की क्रीमची बिस्किटं. दोरीला बांधलेल्या बादलीतून आम्ही ते वर पाठवायचो. पूर्वी तो पोती वाहायचा तेव्हा पोट पाठीला लागलेलं. केबिनमध्ये बसून ते पुढे आलं, हातपाय काटकेच राहिले.

कामगारांच्या तपासणीत त्याच्या रक्तात लिव्हरचा आकडा वाढलेला निघाला. दुखत-खुपत काहीच नव्हतं.

"वर एकटाच घेतोस होय? बादलीतून थोडी खाली सोड की लेका!" आम्ही खालचे त्याला चिडवायचो.

तो हसला नाही. दारूला त्याने कधी हात लावला नव्हता. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन दूर. त्याने तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, खरं सांगा. एकटे असता. घेता का?"

"नाही गं."

"ठीक आहे."

ते 'ठीक आहे' त्याला लागलं. मला म्हणाला, "तुम्ही काय वाटेल ते म्हणा. तिला पटलं पाहिजे."

लिव्हर म्हटलं की कावीळ, एवढीच आमची अक्कल. बादलीतून ग्लुकोज आणि फळांचे गोड रस वर जाऊ लागले. त्याने ते इमानेइतबारे प्यायले. पुढच्या तपासणीत आकडा आणखी चढला.

मग मोठा दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी काविळीच्या विषाणूंची तपासणी केली, ते नव्हते. कुठली औषधं घेतो का विचारलं, तीही नव्हती. सोनोग्राफीत लिव्हर पांढुरकं दिसलं.

"चरबी साठली आहे. पण पिणाऱ्याचं आणि न पिणाऱ्याचं यात सारखंच दिसतं. पिता की नाही ते सांगणारं घरचं कोणी घेऊन या."

तो मला घेऊन गेला.

"यांच्या घरी कधी गेला आहात?" बाईंनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. एकदाही गेलो नव्हतो.

शेवटी त्याने मुलीला तिकीट काढून बोलावलं. बाबा घरी पितात का, असं बाईंनी तिला विचारलं.

"मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "आई गेल्यावर मी इथे राहिलेच नाही."



"बरं, सकाळपासून काय काय पोटात जातं ते सांगा," बाई त्याला म्हणाल्या. त्याने सांगितलं. बाटली, बिस्किटं, रस. संध्याकाळी घरी चूल पेटत नाही, मग पाव आणि फरसाण. साखर वाढलेली होती, रक्तातली चरबीही. बाईंनी कंबरेला टेप लावली.

"दारूचा थेंब न घेताही हे होतं," त्या मुलीकडे बघून म्हणाल्या. "बैठं काम, गोड, पोटावरची चरबी. सगळे कागद तेच सांगताहेत."

लिव्हर किती कडक झालंय ते एका मशीनवर पाहिलं. कडकपणा नुकता सुरू झाला होता. वजन उतरवलं, चाललं, गोड सोडलं तर मागे फिरता येईल, असं बाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर मुलगी म्हणाली, "बाबा, इतकी बिस्किटं? कशाला?"

"वर वेळ जात नाही गं."

तिने त्याचा हात हातात घेतला. संध्याकाळच्या गाडीने ती गेली.

त्याने केबिन सोडून खाली यार्डात काम मागून घेतलं. पगार कमी, पाय दिवसभर चालते. केबिनच्या शेवटच्या पगारातून त्याने गॅसची शेगडी घेतली. एका माणसाला भाजी किती लागते याचा अंदाज त्याला बरेच दिवस येईना. रोज उरायची.